फळीच्या मागे

वेस्ली ग्रोटे सहाव्यांदा आपटला, तेव्हा मध्यंतराला अजून चार मिनिटं होती. ल्योना हाव्लिक मैदानाच्या कडेला पाण्याच्या बाटल्यांपाशी उभी होती. पाठ आपटल्याचा आवाज निराळा, डोकं आपटल्याचा निराळा. हा डोक्याचा होता.

नेब्रास्कातल्या त्या लहानशा कॉलेजात ती तेवीस वर्षं खेळाडूंचे घोटे बांधत आली होती, निखळलेले खांदे बसवत आली होती. स्वतः ती कधी अमेरिकन फुटबॉल खेळली नव्हती. पण चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे जे पाच धिप्पाड गडी उभे राहतात, त्यांची फळी फुटली की मागच्याचं काय होतं, हे तिच्याइतकं कुणी जवळून पाहिलं नव्हतं. फेकणारा लांबवर आपला माणूस शोधत असतो. बाजूनं अंगावर येणारा त्याला दिसतच नाही.

यंदा पाचातले तीन पक्के गडी शिक्षण संपवून गेले. कोच रॅड्कीनं त्यांच्या जागी कुणी आणलं नाही. सगळ्या शिष्यवृत्त्या त्यानं पळणाऱ्या नि झेलणाऱ्यांना वाटल्या, कारण लोक लांब फेकी बघायला येतात, फळी बघायला कोण येतं? चेंडू फेकताना डावी बाजू वेस्लीच्या नजरेआड असते. तिथं त्यानं टोबी श्मिटला उभं केलं. टोबी अंगानं मोठा होता, पण पायांत चपळाई नव्हती, आणि हे टोबीलाही ठाऊक होतं. ऑगस्टातच ल्योना कोचला म्हणाली होती की असं चाललं तर वेस्ली सीझन संपेपर्यंत टिकायचा नाही. तो हसला होता. "ल्योना, तू घोटे बांध. फळी मी बांधतो."

वेस्ली उठला आणि चालू लागला, तो थेट समोरच्या संघाच्या बाकाकडे. पंचानं खांद्याला धरून त्याला वळवलं. गर्दीतून हशा उठला. ल्योनानं त्याला बाकावर बसवून विचारलं, आज कुणाशी खेळतोयस? त्यानं गेल्या शनिवारच्या संघाचं नाव सांगितलं. तिनं त्याच्या डोळ्यांपुढे बोट धरून डावीकडे नेलं, त्याचे डोळे जरा मागाहून आले. तिनं त्याचं हेल्मेट उतरवून स्वतःच्या काखेत धरलं.

मागे लोक सॉसेज खात "उठवा त्याला" म्हणून ओरडत होते, पण तिला किळस आली ती त्यांची नव्हे, स्वतःची. पंधरवड्यापूर्वी हाच पोरगा उजेडाकडे बघून डोळे मिचकावत तिच्या खोलीत बसला होता. झोप झाली नाही, म्हणाला. खोटं बोलतोय हे तिला कळलं होतं, आणि तरी तो खेळायला ठीक असल्याच्या कागदावर तिनं सही केली होती. कोचशी वाद घालायचा त्या दिवशी कंटाळा आला होता, एवढंच.

मध्यंतरात कोच आला. दहा मिनिटं बसव आणि पाठव, असं त्यानं सांगितलं. वेस्लीही हात पुढे करून म्हणाला, "बाई, मी ठीक आहे. हेल्मेट द्या ना."

"नाही," ती म्हणाली.

"त्याला खेळायचंय," कोच म्हणाला. "तू कोण अडवणार?"

"नियमानं मीच. आणि कोच, पहिल्या अर्ध्यात तो सहादा आडवा झाला. सहाही वेळा डावीकडून. तुम्ही एकदाही तिकडे मदतीला माणूस दिला नाही."

टोबी जवळच उभा होता, मातीनं माखलेला. "माझ्यामुळे झालं, बाई," तो खालमानेनं म्हणाला.

"तुझ्यामुळे नाही. तुला तिथं उभं करणाऱ्यामुळे."

हे तिनं हळू म्हटलं नाही. कोचचा चेहरा लाल झाला. सोमवारी ऑफिसात बोलू, एवढं म्हणून तो वळला. त्या बोलण्याचा अर्थ तिला समजला: नोकरी जाणार.

ती औषधांच्या पेटीत हेल्मेट ठेवून, कुलूप लावून त्या पेटीवरच बसली. दुसऱ्या अर्ध्यात कोचनं राखीव क्वार्टरबॅकला त्याच फळीमागे उभं केलं. तिसऱ्याच डावाला तो डावीकडून आपटला. उठला, हात हलवून ठीक असल्याचं सांगितलं. कोचनं टाळ्या वाजवल्या.

सामना अडतीस-सहानं हरल्यावर तिनं वेस्लीला आपल्या गाडीत बसवून हॉस्पिटलचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची रानं उन्हात पडली होती. उन्हाचा त्याला त्रास होऊ नये म्हणून तिनं आपला स्वेटर त्याच्या डोळ्यांवर टाकला.

"आपण जिंकलो का?" स्वेटरखालून त्यानं विचारलं.

"नाही रे. हरलो."

धान्याचं कोठार मागे पडलं, मग पूल आला.

"बाई, आपण जिंकलो का?"

"नाही रे," ती म्हणाली, त्यानं पहिल्यांदाच विचारल्यासारखं. "हरलो."

हॉस्पिटल अजून अकरा मैल होतं. तो पुन्हा विचारील तेव्हा ऐकू यावं म्हणून तिनं रेडिओ लावला नाही.