टेबलावर एकच डबा

ओजसला रायफलीचं वेड लागलं तेव्हा मला आधी हसूच आलं. घरात झुरळ निघालं तरी बायकोला हाक मारणारा कोथरूडचा मुलगा, तो म्हणे हरणांच्या शिकारीला जाणार! पण आयर्लंडमधल्या स्लायगोत दोन हिवाळे घरात बसून काढले की माणूस कशाच्याही नादी लागतो. मी भरतकामापर्यंत पोचले होते, तेव्हा त्याला काय बोलणार?

त्याला नेमबाजीच्या क्लबात नेलं शेजारच्या डर्मटने. डर्मट निवृत्त ऑक्शनियर, म्हणजे इथल्या भाषेत घरं-जमिनी विकून देणारा. सगळी हयात गोड बोलण्यावर काढलेली. आम्ही नवीन आलो तेव्हा बॉयलर बंद पडला तर हाच धावून आला. आमच्या नागरिकत्वाच्या अर्जावर, या माणसाला मी ओळखतो, हा सज्जन आहे, अशी सहीसुद्धा त्याचीच. ओजस त्याच्यावर जीव टाकायचा, आणि खोटं कशाला बोलू, मीही दर दिवाळीला त्याच्यासाठी कमी तिखटाचा चिवडा वेगळा करायचे.

वर्षभरात ओजसला दुकानातली काडतुसं वापरणं कमीपणाचं वाटायला लागलं. प्रत्येक रायफलीची आवड वेगळी असते म्हणे. मग वापरलेली पितळी नळी साफ करायची, तिला नवी टोपी बसवायची, पावडर मोजून भरायची, वर गोळी दाबायची. अशी पाच झाडायची, पावडर किंचित वाढवून आणखी पाच, आणि कागदावर कुठल्या पाचांची भोकं सगळ्यात जवळजवळ पडली ते बघायचं. याला हे लोक ‘लोड डेव्हलप’ करणं म्हणतात. माझ्या सासूबाई अनारशाचं पीठ इतक्या निगुतीने करत नाहीत. हे घरी करायला मात्र मनाई. क्लबाला परवानगी होती, तिथल्या एका खोलीतच काय ते करायचं.

त्या खोलीचा एक नियम डर्मटने ओजसच्या डोक्यात भिनवला होता. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. सगळ्या पावडरी दिसायला सारख्या, राखाडी दाणे. पण एक झटकन जळते, एक सावकाश, आणि चुकीची भरली तर रायफल फुटू शकते. मोजायच्या यंत्रात कुठली पावडर आहे ते शेजारचा डबा सांगतो. काम संपलं की उरलेली डब्यात परत. आणि यंत्रात कुणाची बेवारशी पावडर सापडलीच, तर काही विचार न करता बाहेर गवतावर ओतून द्यायची. ओजस हे मला जेवताना ऐकवायचा, आणि मी मान डोलवायचे.

मग कोव्हिड आला. क्लब बंद झाला, तो उघडला थेट एकवीसच्या उन्हाळ्यात. उघडला तो नव्या पद्धतीने. खोलीत एका वेळी एकच माणूस. आधी दोघं गुरुशिष्य शेजारी बसून काम करायचे, आता डर्मट आपल्या वेळेला येऊन जायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, मग ओजसने आत जायचं. एकमेकांची तोंडंही दिसायची नाहीत.

त्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मी गाडी घेऊन सोबत गेले. आत यायला परवानगी नव्हती, तेव्हा चहाचा थर्मास घेऊन दारातच उभी राहिले. ओजस आत गेला आणि थबकला. यंत्र अर्धं भरलेलं, शेजारी डबा नाही.

“ओतून टाक ना बाहेर,” मी म्हटलं. “तूच सांगतोस रोज.”

“अगं, शॉर्टेज आहे सध्या. आणि ही डर्मटचीच असणार, तोच होता आधी. दुसऱ्याची वस्तू अशी कशी फेकायची? थांब, विचारतो.”

इथेच घोडं पेंड खातं. पानात टाकू नये, दुसऱ्याचं वाया घालवू नये, मोठ्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये, हे आपल्याला लहानपणीच पाजलेलं असतं. डर्मटने शिकवलेला नियम त्याच्यापुढे टिकला नाही. हातात ग्लव्हज होते म्हणून ओजसने फोन स्पीकरवर टाकला. डर्मट गाडीत होता.

“आपलीच आहे रे ती,” डर्मट म्हणाला. “तुझी-माझी एकच. ग्रँड. वापर.”

मी हे माझ्या कानांनी ऐकलं.

ओजसने काडतुसं भरली, रेंजवर गेला. पहिल्याच गोळीचा आवाज भलता आला. मी धावले तेव्हा तो गुडघ्यांवर बसलेला, गालातून रक्त वाहत होतं. रायफलीचा बोल्ट जाम झाला होता आणि लाकडी दस्ता मधोमध चिरला होता. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. हॉस्पिटलात टाके पडले. नंतर कळलं ते असं, की डर्मट त्या सकाळी कोल्ह्यांसाठीच्या छोट्या रायफलीची काडतुसं भरत होता. त्यासाठीची जलद पावडर त्याने यंत्रात तशीच सोडली आणि डबा कपाटात ठेवून दिला. विसरला. विसरू दे, माणूस आहे. त्याच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो पुढच्यावर. क्लबाच्या समितीने झूमवर मीटिंग घेतली. तिथे डर्मट अगदी शांतपणे म्हणाला, “फोन आला होता खरा. मी त्याला म्हटलं, खात्री नसेल तर फेकून दे. दोनदा सांगितलं.” मी कॅमेऱ्याच्या बाजूला बसले होते. ताडकन उठले, तर ओजसने माझं मनगट घट्ट धरलं आणि माइक बंद केला.

“वसू, प्लीज. आपल्या अर्जावर त्याची सही आहे. मी त्याला खोटारडा म्हटलं आणि प्रकरण पोलिसांकडे गेलं, तर अर्जाचं काय? पाण्यात राहून माशाशी वैर नको.”

“आणि तुझ्या नावाचं काय?”

“वॉर्निंग देतील, सोडून देतील. कळतं मला.”

त्याने माइक चालू केला आणि म्हणाला, चूक माझी आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मी त्या दिवशी माझ्याच घरात पाहिलं. वॉर्निंग वगैरे काही नाही. क्लबाने नाव काढलं, वर पोलिसांना रीतसर कळवलं, आणि रायफलीचं लायसन्स रद्द झालं. आता तेही अर्जात कळवणं आलं. गप्प बसून जे वाचवायचं होतं, त्यालाच डाग लागला. क्लबातली मंडळी सुपरमार्केटमध्ये भेटली की मला हसून हाय म्हणायची आणि ओजस दिसला की त्यांना दुसऱ्या रांगेतलं काहीतरी आठवायचं.

हरणांचा सीझन सुरू झाला आणि एका दुपारी डर्मट दारात उभा राहिला. हातात पिशवी, हरणाचं मटण. म्हणाला, “झालं गेलं विसरू या. माझ्या मनात काही नाही.”

त्याच्या मनात काही नाही! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“डर्मट, तू ‘वापर’ म्हणालास. मी दारात उभी होते. मी ऐकलंय.”

तो पिशवीची गाठ चाचपू लागला. “म्हणालो असेन,” म्हणाला. मग पिशवी माझ्या हातात देत, समजूत काढावी तसा, “हे बघ वसुधा, माझं लायसन्स गेलं असतं तर या वयात माझ्याकडे राहिलं काय असतं? मी कुठे जाणार? ओजसचं तसं नाही. तरुण आहे. शिवाय त्याला परत जायला त्याचा देश आहे.”

हा तोच माणूस, ज्याने आमच्यासाठी सही केली होती. तेवढ्यात ओजस बाहेर आला. कामाचा हेडफोन गळ्यात होता. किती वेळ मागे उभा होता कोण जाणे. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली.

“थँक यू, डर्मट,” तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

पिशवी त्याने ओट्यावर ठेवली, हात धुतले, पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “वसू, तो अर्ज मागे घेता येतो का गं?”