पाणसळीतली फरशी

लताबाईला फरशी हवी होती ती एकाच हौसेपायी. बादलीभर पाणी भसाभसा ओतायचं आणि घर धुवायचं! लग्न झाल्यापासून बाईनं शेणानं सारवलं होतं, आणि मातीच्या जमिनीवर साधा तांब्या लवंडला तरी चिखल. आता जेलरोडला स्वतःचं दोन खोल्यांचं घर उभं राहिलं होतं. रविवारी घरी बुद्धवंदनेला सगळी कॉलनी येणार होती, त्याआधी बाहेरच्या खोलीत फरशी बसायलाच हवी होती.

"गवंडी कशाला?" नवरा सावळीराम म्हणाला. गडी एकलहऱ्याच्या पावरहाऊसमध्ये फिटर. "मशिनांची एवढाली धूडं बसवतो मी, मला चार फरश्या बसवता येणार नाहीत होय?"

द्वारका चौकातल्या फरशीच्या वखारीत लताबाई अशी रमली की विचारू नका. प्रत्येक फरशीवर टिचकी मारून आवाज ऐकला, मग पाणी मागितलं. वखारवाला हसला. "बाई, फरशी घेताय की तिला आंघोळ घालताय?"

"ओली कशी दिसते ते नको बघायला? माझ्या घरी ती रोज ओलीच असणार!"

पाणी पडलं आणि ती करडी शहाबादी एकदम निळी झाली. "अगं बाई!" लताबाई ओरडलीच. "हीच! दुसरी दाखवूच नका!"

सावळीरामनं रजा टाकली, कामावरनं पाणसळ मागून आणली. पाणसळ म्हणजे ती पाण्याची नळी बसवलेली पट्टी. बुडबुडा मधोमध थांबला की फरशी समतल. लताबाई सिमेंट-वाळूचा माल कालवून देई, तो फरशी टेकवी, ठोकी, पाणसळ ठेवी आणि ओरडे, "बुडबुडा मध्ये!" पुढंपुढं तर बाईही घमेलं टाकून बघायला धावायची आणि दोघं मिळून ओरडायची. शेजारच्या आक्काबाईला वाटलं, नवराबायकोचं डोकं फिरलं.

शेवटची फरशी बसली, सांधे भरून झाले. जरा वाळल्यावर लताबाई बादली घेऊन उभी राहिली.

"ओतू?"

"ओत की!"

तिनं ओतलं. पाणी पसरलं आणि खोलीच्या मधोमध बसलं ते बसलंच. ना दाराकडं, ना भिंतीकडं.

"बघ!" सावळीराम मांडीवर थाप मारून म्हणाला. "सूतभर फरक नाही! साहेब पाठ थोपटेल माझी!"

"अहो, पण पाणी जाणार कुठं? ढाळ कुठाय दाराकडं?"

सावळीरामचा चेहरा खर्रकन उतरला. घराच्या जमिनीला उतार लागतो, हे शेंबडं पोरही सांगेल! पण जन्मभर मशिनखालची जमीन सपाट करणाऱ्याला ते आठवेल तर शपथ.

लताबाईला रडूच कोसळलं. पण फरशी दिसत होती देखणी, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेली. "राहू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "माणसं येणार, आता कुठं उकरायचं?" तिनं फडकं घेतलं, खाली बसली आणि पाणी टिपून बादलीत पिळू लागली.

सावळीराम तिच्या हातांकडं बघत राहिला. बाईचं कंबरडं पुन्हा जमिनीशी वाकलं होतं. तो उठला, पहार आणली आणि दारातली पहिली फरशी उचकटली.

"अहो! काय करताय?"

"खालचा माल कच्चा आहे तोवर निघेल. सरक तिकडं."

"पण तुमची पाणसळ?"

"पाणसळ गेली चुलीत!"

रविवारी माणसं यायच्या आधी लताबाईनं आतल्या भिंतीपासून बादली ओतली. पाणी क्षणभर थबकलं, मग निळ्या फरशीवरून खळाळत निघालं ते थेट दाराबाहेर, अंगणात!

"गेलं! अहो, गेलं!" ती लहान पोरीसारखी नाचायला लागली. डोळ्यांतही पाणी आणि हसूही आवरेना.

"थांब, थांब!" सावळीराम रिकामी बादली घेऊन नळाकडं धावला. "आणखी एक आणतो!"