टँकरचालक पाहिजेत

“आणि हाही शब्द काढा, काका,” असं म्हणत अबोलीनं तांबड्या पेनानं ‘पुरुष’वर काट मारली. आप्पासो मगदुमांना कुणीतरी आपल्यालाच चिमटा काढल्यासारखं झालं.

मिरजेच्या मालधक्क्यामागं असलेल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आप्पासो एकतीस वर्षं कारकून होते. मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडणं, परमिटच्या तारखा सांभाळणं, टायरवाल्याशी भांडणं ही कामं कुणीही करील. पण ड्रायव्हरची जाहिरात लिहावी ती आप्पासोंनीच, असं सगळी मिरज म्हणते, असं आप्पासो म्हणत. पेपरातली जागा इंचभर. तेवढ्यात त्यांनी सगळं बसवलं होतं: ‘ड्रायव्हर पाहिजेत. पुरुष, वय २५ ते ३५, निर्व्यसनी, चांगल्या घरचा, पाच वर्षे क्लीनरकी केलेला. पगार समक्ष.’ दोन-तीन वर्षांनी भरती निघाली की हीच जाहिरात, काना-मात्रा न हलवता. त्यांच्या बायकोनं ती कधी वाचली नाही, आणि मुलानं तर घरातला पेपरच बंद केला होता. त्यामुळं ही कीर्ती बरीचशी आप्पासोंपुरतीच होती.

अबोली दूध संघाची अधिकारी, वाईची, तिशीच्या आतली. माण तालुक्यातलं दूध मिरजेला आणायचं कंत्राट संघानं कंपनीला दिलं होतं आणि भरतीची जाहिरात आधी आम्हाला दाखवा, अशी अट घातली होती. म्हणून ती टेबलाच्या पलीकडे बसली होती, आणि आप्पासोंचा इंचभर संसार तांबड्या शाईत बुडत होता.

“मग काय टँकरवर बाई बसवायची व्हय?”

“बसवाच असं कुठं म्हणते मी? अडवू नका, एवढंच. भरती करताना बाई-पुरुष असा भेद करायचा नाही, हा कायदा आहे.”

“नवीन आला वाटतं.”

“पन्नास वर्षं झाली, काका. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे.”

आप्पासोंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकतीस वर्षं आपण पेपरात छापून, पैसे भरून, उजळ माथ्यानं कायदा मोडत होतो आणि उभ्या जिल्ह्यात एकानं हटकलं नाही! या गोष्टीचा त्यांना इतका अचंबा वाटला की राग यायचा राहूनच गेला.

“वयाचं काय करायचं?” अबोलीचं पेन पुढं सरकलं. “परवाना चालू आहे, डोळ्यांचा दाखला आहे, मग पस्तीसनं काय होतं? आणि ‘चांगल्या घरचा’ म्हणजे कुठल्या घरचा, ते वाचणाऱ्याला बरोबर कळतं.”

आप्पासो खाली बघू लागले. लिहिणाऱ्यालाही ते बरोबर कळत होतं.

“क्लीनरकीचीही तीच गोष्ट. बाईला क्लीनर म्हणून कोण घेतं? पुढच्या दारानं पुरुष काढायचा आणि मागच्या दारानं परत आत घ्यायचा, असं नको. कामाला जे लागतं ते लिहा, आणि तुम्ही जे देणार ते लिहा. बस्स.”

ती गेल्यावर आप्पासोंनी नवीन जाहिरात लिहायला घेतली. चार कागद फाडले. शेवटी उरली ती अशी: ‘टँकरचालक पाहिजेत. जड वाहनाचा चालू परवाना. घाटरस्त्याचा सराव. भरलेला टँकर अरुंद जागेत मागे घेता यावा. दहिवडी ते मिरज. आठ तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी, पगार अठ्ठावीस हजार. स्त्री वा पुरुष, कोणीही यावे. सोमवारी सकाळी समक्ष.’ त्यांना ती उघडीबोडकी वाटली. आपल्या हातचं काही त्यात राहिलंच नाही, असं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी बाकड्यावर नऊ बाप्ये बसले होते. बाकड्याच्या कडेला, जरा अंतर राखून, एक बाई उभी होती. चाळिशी ओलांडलेली, साडीवर पुरुषी शर्ट घातलेली, हातात प्लास्टिकची फाइल. शेजारी डोक्याला पटका आणि खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा जमिनीवर टेकला होता.

मालक ऋषिराज तिशीतला. त्यानं केबिनच्या काचेतून ते पाहिलं आणि आप्पासोंना आत बोलावलं.

“काका, त्या बाईंना सांगा, जागा भरल्या.”

“अजून एकाची बी ट्रायल झाली न्हाई.”

“म्हणून तर आत्ताच सांगा. संघाला दाखवायला जाहिरात छापली ना आपण? झालं तर मग.”

आप्पासो बाहेर आले. निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि मालकाच्या शब्दाबाहेर ते आजवर गेले नव्हते. त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात म्हाताराच गुडघ्यावर हात देऊन उठला.

“रामराम सायेब. तात्याबा म्हणत्यात मला. ही आमची सून, स्वप्नाली. लेकाची नजर साखरंनं गेली, तवापासनं टँकर हीच हाणती. दुस्काळात अर्ध्या माणला पाणी पाजलंय हिनं. आता हिरींना पाणी आलं. चांगलंच झालं म्हणा. पर टँकर बंद झालं आन् हिचं काम गेलं. घरात मिळवणारं हेच मानूस.”

“मामा, बसा तुमी,” स्वप्नाली म्हणाली आणि आप्पासोंकडं वळली. “आवं, कोणीबी या म्हणून लिवलंय न्हवं? म्हणून आलो.”

जी ओळ लिहिताना आप्पासोंना वाईट वाटलं होतं, तिच्या भरवशावर ही दोघं पहाटेची यष्टी धरून माणमधून मिरजेत आली होती. आपल्या लिहिण्यात माणसं उठवून आणायची ताकद आहे, हे त्यांना या वयात पहिल्यांदा दिसलं. ‘जागा भरल्या’ हे शब्द ओठापर्यंत आले होते. ते त्यांनी गिळले.

“तुजा नंबर चौथा,” ते म्हणाले. “चावी हाय गाडीतच.”

या कंपनीत ट्रायल घ्यायची एक तऱ्हा होती. कंपनी उभी करणारे लालासाहेब, ऋषिराजचे आजोबा, आता ऐंशीचे. पण ट्रायल त्यांचीच. आवारात खाट टाकून ते गाडीकडं पाठ करून बसत आणि डोळे मिटत. ‘डोळा भुलतो, कान भुलत न्हाई,’ हे त्यांचं शास्त्र. पाण्यानं भरलेला टँकर भिंत आणि गाड्या धुवायचा कट्टा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मागे घ्यायचा. पसंत पडला तर लालासाहेब उजवा हात वर करत. नाव-गाव त्यानंतर. वर गेलेला तो हात खाली आणायची छाती त्यांच्या मुलालाही कधी झाली नव्हती.

पहिल्यानं कट्टा घासला. दुसऱ्याची गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यानं गियर असा करकरवला की लालासाहेबांनाच ठसका लागला. मग स्वप्नालीनं पदर खोचला, चपला बाहेर काढल्या आणि ती वर चढली. बाकड्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

टँकर सुरू झाला. पुढं आला, थांबला, आणि मागे जाऊ लागला. आप्पासोंनी एकतीस वर्षं गाड्या मागे जाताना पाहिल्या होत्या, पण असं त्यांनी पाहिलं नव्हतं. ना आचका, ना घाई. आतलं हजारो लिटर पाणी ढवळल्याचा साधा आवाजही येईना. निजलेलं मूल अंथरुणावर ठेवावं, तसा तिनं तो अजस्र टँकर भिंत आणि कट्ट्याच्या मधे ठेवला. दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा राहिली. बाकड्यावरची माणसं उठून उभी राहिली होती.

इंजिन बंद व्हायच्या आत लालासाहेबांचा हात वर गेला.

मग ते वळले आणि खाली उतरणाऱ्या बाईकडं बराच वेळ बघत राहिले.

“क्लीनरकी कुणाकडं केलीस गं?”

“घरधन्याकडंच. धा वर्सं बाजूला बसले. त्याला क्लीनरकी कुणी म्हटलं न्हाई, एवढंच.”

ऋषिराज लगबगीनं बाहेर आला. “आजोबा, अहो बाई आहे ती!”

“व्हय, दिसली की आता. मगाशी ऐकली तवा ड्रायव्हर हुती,” लालासाहेब म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले. ऋषिराजनं आप्पासोंकडं एकदा रोखून पाहिलं, आणि तो केबिनमध्ये गेला.

फॉर्म भरायला स्वप्नाली आप्पासोंच्या टेबलाशी बसली. जन्मतारीख लिहिता लिहिता ती सहज म्हणाली, “आवंदा जाहिरात लय बदलली तुमी.”

“आधीची ठावं हाय तुला?”

“ड्रायव्हर पाहिजेत,” ती खाली बघतच म्हणू लागली. “पुरुष, वय पंचवीस ते पस्तीस, निर्व्यसनी, चांगल्या घरचा, पाच वर्षे क्लीनरकी केलेला. पगार समक्ष.”

आप्पासो खुर्चीत पुढं सरकले. आपलं लिहिणं दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. बायको नाही, मुलगा नाही, माणमधल्या कुठल्याशा वाडीवर एका बाईला ते तोंडपाठ होतं! त्यांचा ऊर भरून आला. त्यांना वाटलं, चला, एक तरी वाचक होता आपल्याला.

“पाठ कशी गं केलीस?”

“केली न्हाई. झाली. अकरा वर्सांमागं आलते की मी हितं. लायसन हातात हुतं, यांची नजर जायला लागली हुती. तेहेतीस वय हुतं माजं. फाटकात तुमीच हुता. ‘बाई, जाहिरात नीट वाचून ये,’ म्हणला. मग परत जाताना यष्टीत वाचत बसले. घरापातुर वाचली. आपलं काय चुकलं ते काय घावंना.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. सही कुठं करायची, तेवढं तिनं बोटानं विचारलं.

आप्पासोंनी आठवून पाहिलं. ती जाहिरात कुठल्या वारी आली होती, कुठल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात की खालच्या, सगळं आठवलं. बाई आठवली नाही. अकरा वर्षं ही बाई त्यांच्या ओळी घोकत होती आणि त्यांना तिचं तोंडही आठवेना. अशा आणखी किती जणी फाटकातून परत गेल्या असतील, हे त्यांनी मोजायला घेतलं नाही. तेवढं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

“चुकलं माजं,” ते कसेबसे म्हणाले.

“तुमचं कुटं? तुमी लिवलं हुतं तसंच सांगितलं,” ती समजूत घातल्यासारखं म्हणाली आणि सही करून उठली.

दुपारीच तिची पहिली खेप होती. तात्याबा घोंगडं सावरत शेजारच्या सीटवर चढला. टँकर आवारातून हलला, तसे आप्पासो टेबलावरून उठले आणि कडक उन्हात, टोपी न घालता, फाटकापाशी गेले. वॉचमन धावत आला. त्याला त्यांनी हातानंच बाजूला केलं, फाटकाचे दोन्ही दरवाजे स्वतः ओढून उघडले, आणि टँकरचं शेवटचं चाक रस्त्याला लागेपर्यंत ते धरून उभे राहिले.