बाईंच्या जाण्याची बातमी

रक्ताचे नमुने यंत्रात लावून ती डबा उघडणार, तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर बातमी आली: विज्ञानाच्या बाई गेल्या. पाहता पाहता हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तिनंही 'भावपूर्ण' एवढं लिहिलं आणि बोट थांबलं.

बाई प्रयोगवहीत तीन रकाने आखायला लावायच्या: पाहिलं, ऐकलं, वाटलं. ऐकलेलं कुणी पहिल्या रकान्यात घुसडलं, की त्याची वही थेट दाराबाहेर जायची. प्रयोगशाळेतला स्पिरिटचा वास, उन्हानं तापलेली बाकं, खडूनं पांढरी झालेली बाईंची बोटं... पस्तीस वर्षं मागं पडलेलं सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. जेवण तसंच राहिलं.

तिनं बातमी टाकणाऱ्या वर्गमित्राला फोन लावला. तो आता मोठा ठेकेदार होता.

"तुला कुणी सांगितलं रे?"

"आपल्या शिंप्यानं. अगं, सगळेच म्हणतायत."

मग तिनं शिवणकाम करणाऱ्या त्या वर्गमित्राला फोन लावला. तो म्हणाला, "बाईंच्या इमारतीतल्या कुणी बाई गेल्याचं कानावर आलं. मी फक्त म्हटलं, आपल्या बाई तर नसतील ना? मग ग्रुपवर वाचलं, तेव्हा खात्रीच पटली."

म्हणजे याची शंकाच ग्रुपवर फिरून, खात्री होऊन याच्याकडे परतली होती. आणि तेवढ्यावर चाळीस जण हळहळत होते. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली नि बाईंचं घर गाठलं.

दार बाईंनीच उघडलं. ती चौकट धरून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"चिमणी ना तू? अशी काय बघतेस? आत ये."

वरच्या मजल्यावरच्या बाई काल गेल्या होत्या. तिनं चाचरत फोन पुढं केला. बाईंनी चष्मा लावून श्रद्धांजल्या एकेक करून वाचल्या.

"हा म्हणतो, माझा तास कधी चुकवला नाही. खरं आहे. रोज येऊन झोपायचा."

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"तू काय करतेस हल्ली?"

"रक्त तपासते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून."

बाईंचं हसू ओसरलं. "शाळेच्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग तूच फोडलं होतंस ना? वर्षभर त्याला हात लावू दिला नव्हता तुला."

"मी नव्हतं फोडलं, बाई." आवाज शाळकरी पोरीसारखा बारीक निघाला.

"शिपाईमामा म्हणाले होते."

"त्यांनी पाहिलं होतं?"

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "ते विचारायचंच राहिलं. तू उचापती पोर, मला तूच वाटलीस. जगाला शिकवत बसले, आणि स्वतः मात्र..." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "चुकलं माझं, पोरी."

या घडीसाठी तिनं मनात कितीतरी चोख उत्तरं जुळवून ठेवली होती. पण त्या वर्षी दुसऱ्यांच्या खांद्यावरून सूक्ष्मदर्शकाकडे डोकावताना आपल्याला काहीतरी दिसावं म्हणून जीव कसा कासावीस व्हायचा, तेवढंच तिनं सांगितलं. बाई हात न सोडता ऐकत राहिल्या.

मग फोन वाजला. ठेकेदार भलामोठा हार घेऊन खाली उभा होता, कितवा मजला ते विचारत होता.

"वरच्या घरी दे म्हणावं तो हार," बाई उठत म्हणाल्या, "आणि उतरताना इथं चहाला ये म्हणावं. मी आधण ठेवते."