मेंढ्यांकडचे सापळे

कुरणाचे दोन भाग होते. एकाला तारेचं कुंपण, दुसऱ्यात मेंढ्या मोकळ्या. दोन्हीकडे चाळीस-चाळीस पत्र्याचे सापळे. संध्याकाळी शेंगदाण्याच्या कुटाची गोळी ठेवून ते लावायचे सर. सकाळी उघडून, उंदीर मोजून, खुणेसाठी पाठीचे चार केस कातरून सोडायचे मी. चराईने उंदीर घटतात असं निघालं, तर सगळंच कुरण चराईला बंद होणार होतं. मेंढ्या ज्यांच्या, त्या आत्यांनी मला एकच सांगितलं होतं, की बंद करायचं तर करा, पण खोट्यावर नको. मी छातीठोकपणे शब्द दिला. सरांना अकरा वर्षं ओळखत होते ना! उंदीर मानेला कसा धरायचा, तेही त्यांनीच शिकवलेलं.

तीन दिवस कुंपणात वीस-बावीस उंदीर, मेंढ्यांकडे एखादा. बिळं मात्र तिकडेही ताजी उकरलेली. मी डोकं खाजवलं आणि रोजच्या तक्त्याखाली सही ठोकली.

चौथ्या सकाळी कुंपणात कुटाला लागलेल्या मुंग्यांनी नेहमीसारखी बोटं फोडली. त्यांना शिव्या घालत मेंढ्यांकडे आले, दहा सापळे उघडले, आणि जाणवलं की इथे एकही मुंगी चावत नाहीये. इतके दिवस मी बावळट त्यावर खूश होते. सापळा हुंगला. नुसता पत्रा, शेंगदाण्याचा वासच नाही. दुसरा, तिसरा, तसाच.

सर जीपपाशी चष्मा पुसत होते. मी विचारलं, तर नाकारलंसुद्धा नाही. म्हणाले, कुरण मरतंय हे तुलाही दिसतं, आकडे पाच वर्षांनी हेच सांगतील, तेवढा वेळ कुणाकडे आहे?

"आणि सही तुझी आहे," ते म्हणाले. अगदी मायेने.

थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. म्हणजे मला सोबत आणलं होतं ते एवढ्यासाठीच. मी त्यांच्यासमोर तिन्ही तक्त्यांवरची सही खोडली, कारण लिहिलं आणि तडक आत्यांकडे गेले.

आत्या कोकराच्या लोकरीतले काटे वेचत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"पहिल्याच संध्याकाळी पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "इकडच्या डब्यांत तो काही घालत नव्हता."

"मग मला बोलला का नाहीत?"

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"मला वाटलं, तुला माहितीये."