नावाची खूण

फाल्गुनाचं पीतवर्णी ऊन तासगावच्या माळावर पसरलं होतं. जाळ्यांवर द्राक्षं सुकत होती. हिरवी होती ती सोनेरी होत होती, रसभरली होती ती सुरकुतत होती. वारा गोड, धूळ गोड, माश्यांचा तर स्वर्गच.

बेदाण्याच्या शेडमध्ये, देठं खुडणाऱ्या बायांच्या रांगेत केतकी बसली होती. कर्णबधिरांच्या शाळेतून काम शिकायला आलेली, मौनवसना, मृगनेत्रा केतकी. शेजारी कुमुद, तिची दुभाषी. कानांवर येईल ते हातांनी सांगायचं, हात सांगतील ते तोंडाने बोलायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही, हा तिचा धर्म. धर्म सोपा असतो. बाया अवघड.

केतकी हसली की तिच्या कंठातून एक कंपित, अनघड स्वर फुटे. तो ऐकला की समोर खुडत बसलेली शेवंता हनुवटीखाली चिमूट धरून दाढी ओढून दाखवी. मग सगळी रांग दाढ्या ओढी.

"बाई, तुमच्या शेळीला सांगा की, देठं खुडायची, चरायची न्हाईत."

कुमुदचे हात मांडीवर निपचित पडून राहिले.

केतकीने मात्र ती चिमूट पाहिली होती. तिच्या निःशब्द जगात खुणेचं नाव स्वतःचं स्वतः घेता येत नाही. ते चारचौघांनी द्यावं लागतं, आणि दिलं की तू आमची झालीस. तिच्या हनुवटीवर खळी होती, चंद्रकोरीसारखी, कोवळी. तिचे हात उजळून विचारते झाले: ही खूण माझी? खळीवरून?

कुमुदने त्या दीपोज्ज्वल चेहऱ्याकडे पाहिलं. आणि तिचे हात, तिचे सत्यव्रती, शिकले-सवरलेले हात म्हणाले: हो. खळीवरून.

दुपारी मालक आले. पोरगी कायमची ठेवावी का, ते बघायला.

"नाव काय गं तुझं?"

कुमुदने प्रश्न हातांनी सांगितला. केतकी उभी राहिली, ताठ, तेजोमयी. हनुवटीखाली चिमूट धरून तिने सावकाश खाली ओढली.

शेड फुटली हसून.

"काय म्हणती?" मालकांनी विचारलं.

दुभाष्याने बोलणाऱ्याचा 'मी' होऊनच बोलायचं असतं.

"माझं नाव..." कुमुद म्हणाली.

"शेळी, मालक," शेवंताने वाक्य पुरं केलं. मालकही हसले.

केतकीला दिसली ती हसरी तोंडं, पाणावलेले डोळे, केवढा तो आनंद. तिने पुन्हा खूण केली. आणि त्या सुवर्णधुळीत हातामागून हात हनुवटीशी गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सारी शेड तिला नावाने हाक मारत होती, आणि ती एकेकीकडे वळून, कंठ भरभरून, ओ देत होती.