न नांगरलेला कोपरा

आम्ही शेजारच्या मॅनियनांच्या दारात गेलो, की फेस्टी मॅनियनची बायको चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवायची. पणजोबांच्या काळी आयर्लंडात बटाटे कुजले, त्या दुष्काळात त्यांच्या घरातली पाच माणसं गेली. आमचं एकही नाही. कोणी म्हणे, धर्म बदलणाऱ्यांना प्रोटेस्टंट पाद्री सूप देत, त्यासाठी आम्ही कॅथलिक धर्म सोडला आणि पोट भरल्यावर परत आलो. कोणी म्हणे, मॅनियनांचं बियाणं आम्ही चोरून खाल्लं. तोंडावर मात्र कोणी विचारत नसे.

त्यात आमच्या वरच्या शेताचा एक कोपरा वडील कधीच नांगरत नसत. फेस्टी दगडी कुंपणावर कोपर टेकून तिकडं बघत राही. तिथं काहीतरी पुरलंय, असं त्याला वाटे. खरं सांगायचं तर मलाही वाटे.

एका वसंतात सरकारी माणसांनी गावच्या पाण्याचा चर नेमका त्या कोपऱ्यातून आखला. चर वळवा, म्हणून वडिलांनी गयावया केली. कोणी ऐकलं नाही. खोदकाम सुरू झालं तेव्हा फेस्टी आधीच येऊन उभा होता.

कमरेइतकं खोल गेल्यावर हाडं लागली. दोन लहान मुलांची, शेजारी शेजारी. भोवती पांढरे गोटे नीट लावलेले.

वडिलांनी टोपी काढली. "तुझ्या आत्या आहेत या, फेस्टी. तापानं गेल्या. तुमच्या घरात कोणाला उभंही राहवत नव्हतं, म्हणून माझ्या आजोबांनी इथं आणून पुरल्या."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

वडिलांनी सांगितलं, की पोरी गरीबखान्यात आहेत, तिथं दोन घास मिळतात, असं फेस्टीच्या आजीला सांगितलं होतं. त्या आशेवर ती जगली. ती गेल्यावर खरं सांगायला कोणाला तोंड उरलं नाही.

फेस्टीनं खड्ड्याची खोली नजरेनं मोजली. मग हळूच वडिलांना म्हणाला, "कोलमन, त्या साली एवढं खोल खणायची ताकद तुझ्या आजोबांच्या अंगात आली कुठून?"

वडिलांनी टोपी हातात फिरवली. "मी हेच माझ्या बापाला विचारलं होतं. तो ताटावरून उठून बाहेर गेला. पुन्हा विचारलं नाही."

रविवारी दोघांनी मिळून ती हाडं एका लहान पेटीत घालून दफनभूमीत नेली. फेस्टी पुन्हा कुंपणाशी दिसला नाही, आमच्या घरीही आला नाही.

मी मात्र जेवताना वडिलांच्या रुंद हातांकडं बघत राहायचे, आणि त्या साली आमच्या चुलीवर काय शिजलं होतं, पाद्र्यांचं सूप की मॅनियनांचं बियाणं, या विचारानं घास तोंडाशी थांबायचा.